मिरच्यांची वही

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मला इथं बोलावतात ते बहुधा कवितेवर बोलायला. या वेळी विषय माझ्यावरच सोपवला होता. मी म्हटलं, मिरचीवर बोलतो. फोनवर पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग प्रश्न आला, "मिरची म्हणजे... प्रतीक म्हणून का?" मी म्हटलं, नाही हो, खरोखरची मिरची. गच्चीवरची. खर्ड्याला लागते ती.

तर आज प्रतीक वगैरे काही नाही. माझ्यापुढं एक दोनशेपानी वही आहे. तिच्यात दहा वर्षांचा मिरच्यांचा हिशेब आहे. कोणत्या दिवशी किती मिरच्या तोडल्या, पाणी किती दिलं, खत काय घातलं, पाऊस कधी आला, पानं कधी मुरडली. या वहीनं मला काय शिकवलं आणि काय शिकवायला नकार दिला, ते तुम्हाला सांगायचं आहे.

आमचं घर सांगलीत, नदीपासून फार लांब नाही. जुनं घर, वर गच्ची. त्या गच्चीवर माझ्या आईनं, आम्ही तिला अम्मा म्हणत असू, आयुष्यभर मिरची लावली. पत्र्याचे डबे, फुटके माठ, जुनी बादली, जे मिळेल त्यात. तिची मिरची बाजारात मिळत नसे. बोटाच्या दोन पेरांएवढी, बारीक, फिकट हिरवी, आणि झाडावर वर तोंड करून उभी राहणारी. बाजारातली मिरची देठाला खाली लोंबते. आमची आकाशाकडं बघायची. लहानपणी आम्ही भावंडं म्हणायचो, आपली मिरची दुआ मागते.

हे बी तिनं माहेरून आणलं होतं. दरवर्षी दोन-तीन तोडे झाले, की त्यातल्या जोमदार झाडावरच्या मधल्या फांदीच्या काही मिरच्या ती झाडावरच ठेवायची. त्या लालभडक झाल्या, की दोऱ्यात ओवून खिडकीशी टांगायची. वाळल्या की बी काढून चुलीच्या राखेत कालवायची आणि जुन्या ओढणीच्या तुकड्यात पुरचुंडी बांधायची. मिरगाच्या आसपास ती पुरचुंडी उघडायची. रोपं वीतभर झाली, की निम्मी स्वतःसाठी आणि निम्मी गल्लीत. ती ब्लाऊज शिवायची. कपडे न्यायला आलेल्या बाईच्या हातात ब्लाऊजबरोबर मिरचीची दोन रोपं हमखास जायची.

एक गोष्ट मात्र तिला खपत नसे. मिरच्या मोजणं. मी लहान असताना बोट दाखवून झाडावरच्या मिरच्या मोजत होतो, तर तिनं हातावर चापट मारली. आमच्या घरात दखनी बोलतात. म्हणाली, "नको गिन रे बेटा, झाड शरमाता." झाड लाजतं. कोवळ्या कोहळ्याला बोट दाखवू नये, असं आपल्याकडं घरोघरी सांगतात, तसंच हे.

२०१४ सालच्या डिसेंबरात अम्मा गेली. पुढच्या मिरगाला मी पुरचुंडी उघडली. तोवर मी गच्चीवर जात होतो तो पतंग उडवायला किंवा कवितेची ओळ अडली म्हणून फेऱ्या मारायला. बारा कुंड्यांत रोपं लावली. आणि पहिल्याच दिवशी वही घातली. तिचा नियम मोडतोय, हे कळत होतं. पण ती सगळं डोक्यात ठेवत असे, माझ्या डोक्याचा मला भरवसा नव्हता. वाटलं, चार-पाच वर्षं नोंदी ठेवल्या की मिरचीचं गुपित कळेल. मग दरवर्षी तेवढीच मिरची.

पहिल्या वर्षी, म्हणजे २०१५ मध्ये, किती मिरच्या निघाल्या असतील? नऊशे दहा.

श्रोतेहो, मी आकाशात होतो. गल्लीत पिशव्या वाटल्या. पाहुण्यांना गच्चीवर नेऊन झाडं दाखवली. कोणी विचारलं नसताही सल्ले दिले. पाणी बेतानं घाला, सकाळीच घाला, शेणखत जुनं वापरा. एका वर्षात मी तज्ज्ञ झालो. आणि तिखट तर इतकी, की खर्डा भाजताना शेजारच्या घरातून खोकल्याचा आवाज यायचा.

आता वहीत बघितलं की लाज वाटते. २०१५ हे कमी पावसाचं वर्ष होतं. जूनमधल्या काही सरींनंतर आभाळ कोरडं पडलं. शेतकऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. पण गच्चीवरच्या बारा कुंड्यांना रोजच्या धुण्याभांड्याचं पाणी पुरत होतं. पाऊस कमी म्हणून कुंडीत पाणी साचणं नाही, पानांवर बुरशी नाही, फुलं झोडपली जाणं नाही. पाण्याची थोडी ओढ बसली की मिरची बहुधा जास्त तिखट होते, तीही झाली. म्हणजे ज्या कारणानं मराठवाडा तहानला, त्याच कारणानं माझी गच्ची फळली. पुढच्या एप्रिलात, २०१६ मध्ये, आमच्या शेजारच्या मिरजेहून लातूरला रेल्वेनं पिण्याचं पाणी न्यावं लागलं. आमच्याच कृष्णेचं पाणी. ती बातमी वाचताना माझ्या ताटात खर्डा होता. त्या दिवशी वहीत मी मिरच्यांचा आकडा लिहिला नाही.

२०१६ मध्ये पाऊस चांगला झाला. बी तेच, कुंड्या त्याच, माती तीच, मीही तोच तज्ज्ञ. मिरच्या निघाल्या दोनशे चौसष्ट.

ऑगस्टात पानं मुरडायला लागली. आपल्याकडं याला चुरडा-मुरडा म्हणतात, कुठं बोकड्या म्हणतात. मला वाटायचं हा एक रोग. पुढं कळलं की पान कसं मुरडतं ते नीट बघावं लागतं. पानाच्या कडा वर वळून होडीसारखा आकार झाला, तर ते फुलकिड्यांचं काम. कडा खाली वळल्या, तर कोळी नावाची डोळ्यांना जेमतेम दिसणारी कीड. आणि पानं बारीक होऊन शेंड्याला गुच्छ झाला, झाड खुजं राहिलं, तर तो विषाणू. तो पसरवते पांढरी माशी. विषाणू शिरलेलं झाड औषधानं बरं होत नाही, ते उपटून लांब टाकायचं, एवढाच उपाय. आता हे एवढं सांगतोय, पण तेव्हा मी काय केलं? एकानं ताक शिंपडायला सांगितलं, ते केलं. एकानं तंबाखूचं पाणी सांगितलं, ते केलं. निंबोळीचा अर्क झाला, साबणाचं पाणी झालं. एका आठवड्यात चार उपचार. माणूस असता तर दवाखान्यातून पळून गेला असता. झाडाला पळता येत नाही. सात झाडं उपटली. उरलेल्या पाचांवर दोनशे चौसष्ट.

आदल्या वर्षी ज्यांना सल्ले दिले होते, त्यातले एक गृहस्थ जिन्यात भेटले. म्हणाले, "काय कविराज, यंदा पिशवी नाही आली?" मी म्हटलं, "पाऊस फार झाला." म्हणजे बघा हं, नऊशे दहा आल्या त्या माझ्यामुळं आणि दोनशे चौसष्ट आल्या त्या पावसामुळं. मिरच्यांच्या वहीत दोन प्रकारची शाई मी तेव्हापासूनच वापरायला लागलो होतो.

पुढची दोन वर्षं मध्यम गेली. त्यांचं फारसं सांगण्यासारखं नाही. बुलबुलांचं मात्र सांगतो. मिरची लाल झाली की बुलबुल येतात आणि आख्खी गिळतात. त्यांना ती तिखट लागत नाही. मिरचीतल्या ज्या द्रव्यानं आपली जीभ पेटते, ते पक्ष्यांच्या जिभेला जाणवतच नाही. उंदीर-खारींनी बी चावून फोडू नये आणि पक्ष्यांनी ते गिळून दूरवर टाकावं, अशी ती योजना. जाता जाता, तिखटपणा असतो तो बियांत नाही, तर बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात तिच्यात. आपण उगीच बियांना बदनाम करतो. अम्माला हे शास्त्र ठाऊक नव्हतं, पण चार लाल मिरच्या ती पाखरांसाठी ठेवायची. "उनका हिस्सा," म्हणायची. मी वहीत लिहायचो, 'बुलबुल, अंदाजे वीस.'

आता २०१९ कडं येतो.

सांगलीकरांना त्या ऑगस्टबद्दल काही सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्याकडं पावसाळ्यात लोक एकमेकांना खुशाली विचारत नाहीत, आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट आहे ते विचारतात. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. त्या वर्षी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. २००५ च्या पुराच्या खुणा भिंतीवर होत्या, त्या बुडाल्या. आम्ही मिरजेला नातेवाइकांकडं गेलो. नऊ दिवसांनी परत आलो तेव्हा खालच्या घरात छातीएवढी चिखलाची रेघ होती. स्वयंपाकघरातलं फडताळ आडवं पडलं होतं. त्यात बियाची पुरचुंडी होती. राख आणि पाणी मिळून तिचा लगदा झाला होता. काही बियांना कोंब फुटून कुजले होते. तरी मी ते सगळं एका घमेल्यात पसरलं, माती घातली, महिनाभर पाणी दिलं. एकही रोप उगवलं नाही.

पण गच्चीवर तर पूर पोचला नव्हता ना? झाडं तर वर होती. इथं माझी चूक आहे आणि ती मला सांगितली पाहिजे. उन्हाळ्यात पाणी वाचावं म्हणून मी प्रत्येक कुंडीखाली खोलगट थाळी ठेवली होती. जूनमध्ये त्या थाळ्या काढायच्या असतात. मी काढल्या नाहीत. आज काढू, उद्या काढू. नऊ दिवस गच्चीवर पाऊस कोसळला आणि नऊ दिवस झाडांचे पाय पाण्यात. मिरचीला तहान सोसते, साचलेलं पाणी सोसत नाही. मुळं गुदमरतात आणि सडतात. मी आलो तेव्हा झाडं हिरवी उभी होती. मला वाटलं, वाचली. दोन दिवसांनी ऊन पडलं, आणि संध्याकाळपर्यंत बाराच्या बारा माना टाकून मोकळी झाली. खालचं बी नदीनं नेलं, वरची झाडं मी मारली. त्या वर्षाचा आकडा एकतीस.

गावात लोकांचे संसार गेले होते, जनावरं गेली होती. त्यात मी मिरचीचं दुःख कुणाला सांगणार? कुणालाच नाही सांगितलं. पण रात्री झोप लागत नसे. अम्माचे कपडे, तिचं शिवणयंत्र, सगळं चिखलात गेलं. त्याचं एवढं वाटलं नाही. तिच्या आईकडून तिच्याकडं आणि तिच्याकडून माझ्याकडं आलेली एक जिवंत गोष्ट माझ्या हातात येऊन संपली, हे मात्र टोचत राहिलं.

२०२० मध्ये टाळेबंदी लागली. घरातच होतो. बाजारातून रोपं मिळाली तशी आणून लावली आणि ठरवलं, आता हलगर्जी नाही. रोज सकाळ-संध्याकाळ गच्चीवर. पेंडेचं पाणी, शेणखत, वर कुणी दिलेला युरिया. झाडं कमरेएवढी वाढली. पानं अशी काळीभोर की येणारा-जाणारा बघत राहावा. मिरच्या एकशे अठरा. नत्र फार झालं की झाड पानांच्या मागं लागतं, फुलाफळांचं त्याला भान राहत नाही. मी वर्षभर ज्याला सेवा म्हणत होतो, ते लाड होते. २०१९ ला दुर्लक्ष नडलं, २०२० ला लक्ष नडलं. मग बरोबर किती? वहीला विचारलं, वही गप्प.

२०२१ च्या जानेवारीत एक मावशी घरी आल्या. विट्याजवळच्या खेड्यातल्या. पूर्वी त्या सांगलीत मुलीकडं राहायच्या, तेव्हा अम्माकडून ब्लाऊज शिवून घ्यायच्या. पुरानंतर आमचं काय झालं ते बघायला यायचं त्यांच्या मनात होतं, पण मध्ये टाळेबंदी आली. चहा झाला, अम्माच्या आठवणी निघाल्या. बोलता बोलता मी म्हणालो, तिची मिरची मात्र गेली. मावशींनी कप खाली ठेवला. "गेली कशानं? अरं लेकरा, तुझ्या अम्मानं दिल्याली मिरची माझ्या परड्यात हाय की! धा-बारा वर्सं झाली. दर साली बी धरती मी."

पुढच्या आठवड्यात मुलाच्या हाती त्यांनी वाळलेल्या मिरच्यांची माळ पाठवली. माझे हात थरथरत होते, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

मिरगाला रोपं केली. त्या जुलैत पुन्हा पूर आला. या खेपेला घर सोडताना माझ्या पिशवीत आधार कार्डं, बँकेची पुस्तकं, औषधं आणि बियाची पुरचुंडी होती. रिक्षात बसल्यावर बायको म्हणाली, "कवितांच्या वह्या घरातच राहिल्या. मिरच्यांचं बी तेवढं बरोबर घेतलंत!" थाळ्या मी मे महिन्यातच काढल्या होत्या. झाडं जगली.

सप्टेंबरात मिरच्या धरल्या. आणि त्या खाली तोंड करून लोंबत होत्या. चौदा झाडं, चौदाही खाली. लांबीलाही जास्त, रंगालाही गडद. चारशे शहाऐंशी मिरच्या निघाल्या, चांगलं पीक होतं. पण ती अम्माची मिरची नव्हती. मावशींना फोन केला. त्या म्हणाल्या, "तीच हाय की. निस्ती संकेश्वरी शेजारी लावल्याली असती."

तिथं उलगडा झाला. मिरचीचं फूल बहुतेक आपल्याच परागांवर फळतं, पण मधमाशी शेजारच्या झाडाचे परागही आणते. दहा-बारा वर्षं दोन जातींची मिरची एकमेकींच्या शेजारी असल्यावर सरमिसळ होणारच. माझा भाचा शेतकीचं शिकतो. त्याला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "मामू, निराश कशाला होता? वर तोंड करण्याचा गुण दबणारा आहे. खाली लोंबण्याचा गुण त्याच्यावर मात करतो. संकर झाला की पहिल्या पिढीत वरचं तोंड दिसतच नाही. पण ते जात नाही, आत राहतं. याच झाडांचं बी धरा. पुढच्या पिढीत चारांत एखादं झाड वर बघेल." मेंडेलनं दीडशे वर्षांपूर्वी वाटाण्यावर हेच तर दाखवलं होतं. बी. ए. ला मराठी वाङ्मय घेतलेल्या माणसाला मेंडेल शाळेत भेटला तेवढाच. पण त्या दिवशी मला तो घरचा वाटला.

त्यातली काही झाडं मी २०२२ च्या उन्हाळ्यापर्यंत तशीच ठेवली. फेब्रुवारीत ती फुलांनी गच्च भरली. मार्चमध्ये सगळी फुलं देठासकट गळाली. सकाळी गच्चीवर पांढऱ्या फुलांचा सडा. मला वाटलं, पुन्हा काही चुकलं. पण तो मार्च १९०१ पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वांत उष्ण मार्च होता. दिवसाचं तापमान पस्तीसच्या वर राहिलं आणि रात्रही निवली नाही, तर मिरचीचे पराग दुबळे होतात आणि फूल फळाशिवाय गळतं. थंडीत रात्री पारा पंधराच्या खाली उतरला तरी तसंच. म्हणजे ही झणझणीत बाई स्वभावानं मोठी नाजूक. तिला ऊनही बेतानं हवं आणि थंडीही.

बी आधीच धरलं होतं. जूनमध्ये सोळा रोपं लावली. ऑगस्टच्या शेवटी पहिल्या कळ्या आल्या, फुलं आली, फळं धरली. रोज सकाळी चष्मा लावून वाकून बघायचो. पहिलं झाड खाली. दुसरं खाली. पाचवं, सहावं खाली. एका सकाळी कोपऱ्यातल्या बादलीत लावलेल्या झाडावर बोटाच्या पेराएवढी मिरची दिसली. देठ सरळ, टोक आकाशाकडं.

मी बायकोला हाक मारली. ती धावत वर आली, तिला वाटलं मी पडलो. तिनं बघितलं आणि म्हणाली, "अम्माची मिर्ची." मग आम्ही दोघं तिथंच पाण्याच्या टाकीला टेकून बराच वेळ बसलो. सोळा झाडांत तीन झाडं वर बघणारी निघाली. दबणारा गुण एकदा वर आला, की त्या झाडाच्या स्वतःच्या बियांत तो टिकतो. तेव्हापासून ती तीन झाडं मी वेगळी ठेवतो, फुलं उमलायच्या आधी फांदीवर मलमलीची पिशवी बांधतो आणि त्यातलं बी धरतो.

अम्माची मिरची जशीच्या तशी परत आली, असं मात्र मी म्हणणार नाही. तोंड वर आहे, पण अंगानं ती थोडी जाड आहे. चवीला संकेश्वरीची किंचित ओळख लागते. अम्मानं माहेरून आणली तेव्हा तरी ती शुद्ध होती, याचा काय पुरावा? मुळात मिरची इथली आहे कुठं? १४९२ नंतर युरोपियनांना अमेरिकेत ती सापडली आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांतून आपल्याकडं आली. ज्ञानेश्वरांच्या काळी महाराष्ट्रात मिरची नव्हती, तिखटाला मिरी होती. मिरीवरूनच हिचं नाव मिरची पडलं. परदेशातून आली, आपलं नाव घेतलं, आपल्या मातीत मिसळली आणि आता तिच्याशिवाय आपली भाकरी सुनी. अशा झाडाकडं शुद्धतेचा दाखला मागायला मला तरी तोंड नाही.

२०२३ चा ऑगस्ट देशभर कोरडा गेला, १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा. गच्चीवर पुन्हा मिरची उदंड झाली, सातशे पाच. या वेळी मी कुणाला सल्ला दिला नाही. विट्याकडं मावशींच्या परड्यातली विहीर आटली होती आणि त्यांची सगळी मिरची वाळून गेली होती, धरायला बीसुद्धा उरलं नव्हतं. हे मला पुढच्या वर्षी मे महिन्यात कळलं, त्या स्वतः आल्या तेव्हा.

"लेकरा, बी दे माझं," म्हणाल्या.

मी मोठ्या अभिमानानं वर बघणाऱ्या मिरचीची पुरचुंडी काढली. त्यांना सगळी हकिगत सांगितली, पिशव्या कशा बांधल्या, तीन झाडं कशी निघाली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ती ऱ्हाऊ दे तुला. मला खाली तोंडाची दे. चटणीला लांब मिरचीच बरी पडती."

मी हसलो आणि दुसरी पुरचुंडी दिली. अम्मानं दिलेली, त्यांनी राखलेली, माझ्याकडं आलेली, आणि आता परत त्यांच्याकडं. प्रत्येकानं आपल्याला हवी ती मिरची निवडावी. दोन्ही तिच्याच.

श्रोतेहो, वहीत गुपित सापडलं नाही. दहा वर्षांत दहा वेगळी कारणं सापडली. एका वर्षी पाऊस कमी म्हणून बरं झालं, एका वर्षी जास्त म्हणून वाईट. एकदा कीड, एकदा पूर, एकदा ऊन, दोनदा मी. ज्या वर्षी पीक आलं त्या वर्षी माझा वाटा मला वाटला तेवढा नव्हता. बुडालं त्या वर्षी मात्र कधी कधी होता, तो मी कबूल केला. जे आपल्या हातात खरोखर असतं ते एवढंच, की चांगल्या वर्षी थोडं बी राखावं आणि ते एकाच घरात ठेवू नये. अम्मा रोपं वाटायची तेव्हा मला तो तिचा भोळेपणा वाटायचा. तिनं न वाटता सगळं जपून ठेवलं असतं, तर २०१९ ला सगळं संपलं असतं.

२०२५ साली मे महिन्यातच पाऊस सुरू झाला, मिरगाची वाटच बघितली नाही त्यानं. मी घाईनं रोपं केली. वर बघणारी सव्वीस झाली. आठ ठेवली, अठरा गल्लीत दिली. कुणाकुणाकडं दिली त्यांची नावं वहीत लिहिली आहेत. मिरच्यांचे आकडे लिहायचं मात्र बंद केलं. झाडाला लाज वाटते, असं अम्मा म्हणायची. मला वाटतं, लाज झाडाला नव्हे, मोजणाऱ्यालाच वाटायला हवी असते.